समोरचं दिसून नाही राहिलं? पावसात अन् धुवारीत (धुक्यात) गाडी चालवायची ती अशी

पावसाळ्यात स्पीड किती ठेवू असं कोणी विचारलं की त्याला 40 नाहीतं 50 असा एक आकडा पाहिजे असते, पण आकड्यानं भागत नाही भाऊ. हिशोब एकच आहे, समोर जेवढा रोड दिसून राहिला तेवढ्यातच आपली गाडी पूर्ण थांबली पाहिजे. 60 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे समोर म्हैस दिसली अन् पाय ब्रेकवर पडला तेवढ्यातच 17 मीटर गेले, ब्रेक लागणं त्याच्या पुढची गोष्ट, अन् ओल्या रोडवर ते अजून लांबते. त्यात स्पीड डबल केला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर डबल नाही, चौपट होते. म्हणून मीटरकडे कमी अन् बाहेर जास्त पहा. रोडाच्या कडेचे विजेचे खांब दिसतात ना, आधी चार दिसत होते अन् आता दोनच दिसून राहिले तं स्पीड पण अर्ध्यावर आणा. मागचा हॉर्न मारन, शिव्या देईन, देऊ द्या.

आता तयारी, ही मृग लागायच्या आधीच करून ठेवायची. आपल्या विदर्भात एप्रिल-मेत पारा 45 च्या वर जाते, गाडी दिवसभर उन्हात उभी, अन् वायपरचं रबर तापलेल्या काचेला चिकटून अक्षरशः भाजून निघते. दिसायला काळंच दिसते पण नखानं दाबून पहा, कडक लागन, कडेला बारीक भेगा दिसतील. असं रबर पाणी पुसत नाही, काचेवर कमानीसारख्या रेघा ओढते, अन् त्यातली सगळ्यात जाड रेघ नेमकी ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर येते. हजारो रुपयांचं म्युझिक सिस्टम बसवतात लोक, अन् वायपरचं रबर तीन-तीन वर्षं बदलत नाहीत, हे काही मला समजलं नाही. काच आतून-बाहेरून भांड्याच्या साबणानं धुवा, कारण आतल्या बाजूनं पण धुळीचा अन् धुराचा पातळ थर बसलेला असते, दिवसा दिसत नाही पण रात्री समोरून लाइट आला की सगळी काच पांढरी होते. वायपर रस्त्यातच बंद पडला तं जुने ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळायचे, त्यानं थेंब थेंब न राहता पाणी सपाट वाहते अन् थोडा वेळ काम चालते, गावापर्यंत पोचता येते. खर्रा नोका चोळू, त्यात सुपारी असते, काचेवर चरे पडतील.

टायर पाहायची पद्धत सोपी आहे. टायरच्या बाजूला बारीक त्रिकोण नाहीतं टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या नालीत एक लहानसा उंचवटा दिसते, वरचं रबर त्या उंचवट्यापर्यंत घासलं म्हणजे नक्षी 1.6 मिलिमीटर उरली, कायद्यानं पण कारचा टायर तिथं संपला. मी म्हणतो तिथपर्यंत थांबू पण नका, पावसाळ्यात त्या आधीच बदला. हवा पूर्ण ठेवा, पावसात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते हे चुकीचं आहे, डांबरी रोडवर उलटं होते. मागचे लाइट रोज पहा, पिकअप अन् ट्रॅक्टरवाल्यांनी तं खास, कारण डाल्यावरची ताडपत्री खाली लोंबून टेललाइटवर येते नाहीतं चिखलानं लाइट बुजून जाते अन् मालकाला पत्ता पण नसते.

पहिला पाऊस सगळ्यात बेकार. उन्हाळाभर रोडवर ऑइल, डिझेल, टायरचं झिजलेलं रबर अन् धूळ जमून असते, पहिल्या सरीत ते सगळं वर येते अन् साबण लावल्यासारखा रोड होते. चांगला झोडपून पाऊस पडला की ते धुवून जाते, पण पहिला अर्धा-एक तास सांभाळा. असंच दर वेळी शेताच्या फाट्यावर, ट्रॅक्टर शेतातून डांबरी रोडवर चढते तिथं चाकाची माती पडते, अन् भंडारा-गोंदियाकडे धानाच्या चिखलणीच्या दिवसांत तं अर्धा अर्धा किलोमीटर चिखलाचे पट्टे असतात. तिथं ब्रेक न मारता आधीच गिअर कमी करून हळू निघून जा.

जास्त पाण्यातून जास्त स्पीडनं गेलं की टायर पाण्यावर तरंगते, रोडाला टेकतच नाही. साधारण 80-90 च्या पुढे हे होते, टायर झिजलेला असला तं त्याच्या आधीच. समजते कसं, तं स्टिअरिंग एकदम हलकं लागते अन् इंजिनचा आवाज उगाच चढते. अशा वेळी ब्रेक नाही, स्टिअरिंग पण नाही फिरवायचं, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढा अन् स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, दोन-तीन सेकंदांत टायर परत रोड पकडते. समृद्धीवर हे जास्त, सरळसोट सिमेंटचा रोड, 120 ची लिमिट, अन् लोकांना वाटते लिमिट आहे म्हणजे पावसात पण तेवढीच मारायची. क्रूझ कंट्रोल असन तं पावसात बंद ठेवा, गाडी घसरली तरी तो स्पीड धरूनच ठेवायला पाहते.

काचेवर आतून वाफ धरली तं हातानं पुसू नका, तेलकट हात लागला की रात्री अजून वाईट दिसते. एसी लावा, हवा काचेकडे सोडा अन् बाहेरची हवा आत येईल असं बटन ठेवा. थंडी वाजते म्हणून लोक एसी लावत नाहीत, पण एसी हवेतली ओल काढते म्हणून काच साफ होते, थंडीसाठी नाही लावायचा तो, पाहिजे तं हीटरची नॉब सोबत फिरवा. एसी नसन तं दोन्हीकडच्या काचा दोन बोटं खाली. ओली छत्री, ओले बोरे, ओली माणसं गाडीत असतील तितकी वाफ जास्त, काळीपिवळी जीपमध्ये पावसाळ्यात जे होते ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

लाइटचं सांगतो. दिवसा पण पाऊस असला की हेडलाइट लावा, आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. डिपरवर ठेवा, अप्पर मारला की समोरचं पाणी अन् धुकं उजेड परत आपल्याच डोळ्यात टाकते. अन् चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून पळायची जी फॅशन आली आहे ना, ती बंद करा. ते उभ्या गाडीसाठी असतात. चारही चालू असले की तुम्ही वळून राहिले का सरळ जाऊन राहिले हे मागच्याला कळतच नाही, अन् त्याला एकच बाजू दिसली तं तो समजते तुम्ही वळून राहिले, अन् दुसऱ्या बाजूनं घुसते.

काळी माती अन् साइड देणं

आपल्याकडच्या बहुतेक गावच्या रोडवर एकाच गाडीपुरतं डांबर असते, समोरून कोणी आलं की दोघांनी एक-एक बाजू खाली उतरवायची. उन्हाळ्यात काही नाही होत. पावसाळ्यात तीच काळी माती पाणी पिऊन फुगते, वरून हिरवं गवत असते म्हणून कडक वाटते अन् चाक ठेवलं की लोण्यात सुरी जावी तशी जाते. गाडी मंग हळूहळू नालीकडे सरकते अन् तुम्ही ॲक्सिलरेटर दिलं की अजून खाली. म्हणून पावसाळ्यात खाली उतरून साइड द्यायचीच नाही, दूरून गाडी दिसली की मुरूम टाकलेली जागा नाहीतं फाटा पाहून तिथं थांबा अन् त्याला येऊ द्या. ज्याच्याकडे भरलेला माल आहे त्यानं डांबर सोडू नये, रिकाम्यानं जागा पाहावी, हे गावात न सांगता चालते, बाहेरच्या गाडीवाल्याला माहीत नसते, त्याला हातानं सांगा.

फसलीच गाडी तं रेस करू नका, चाक जागेवर फिरते अन् खड्डा खोल होते. चाकासमोरची माती हातानं काढा, तुराट्या नाहीतं पऱ्हाट्या (तुरीची, कपाशीची वाळलेली झाडं) आडव्या टाका, जवळ गिट्टी असन तं अजून चांगलं, सेकंड गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडा. सेकंड काऊन, तं फर्स्टमध्ये चाकाला एकदम जोर भेटते अन् ते फिरते. तरी नाही निघाली तं ट्रॅक्टर बोलवा, त्यात काही कमीपणा नाही. पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, तं पाऊस झाल्यावर चार चाकी घेऊन जाऊच नका, पायी जा.

रोडवरची जनावरं हा वेगळाच विषय आहे. पावसाळ्यात शेतात, गोठ्यात सगळीकडे ओल असते, डांबर त्यातल्या त्यात कोरडं अन् गरम, वरून गाड्यांच्या हवेनं माश्या बसत नाहीत, म्हणून गाईढोरं रात्री रोडाच्या मधोमध येऊन बसतात. काळी म्हैस पावसात हेडलाइटमध्ये पण दिसत नाही, डोळे चमकले तं चमकले. जंगलाच्या बाजूनं रोही (नीलगाय) अन् रानडुकरं. रोही एक गेला की मागून दुसरा येतेच, म्हणून एक गेला की लगेच पाय ॲक्सिलरेटरवर टाकू नका. बंडीवाल्यांना हात जोडून विनंती, मागच्या फळीला अन् जुवाच्या टोकाला रेडियमची पट्टी लावा, पोळ्याला बैलाच्या शिंगाला बेगड लावतो तसा बंडीला रेडियम लावला तं कोणी हसणार नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पण लावा, दोन ट्रॉल्या जोडून बिनलाइटची चालवणारे तं डोक्यातच जातात.

बाइकवाल्यांसाठी

हेल्मेटच्या काचेला आतून थोडा शॅम्पू लावून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, वाफ कमी धरते. चरे पडलेली काच बदला, रात्री समोरचा लाइट त्या चऱ्यांत फुटते. दोन्ही ब्रेक सोबत लावा, नुसता मागचा लावला तं मागचं चाक सरकते, नुसता पुढचा जोरात लावला तं पुढचं, अन् पुढचं सरकलं की सावरता येत नाही. गाडी सरळ असतानाच ब्रेक संपवा, वळणात गाडी तिरपी झाल्यावर ब्रेक नाही. पांढरे पट्टे, पुलाचे लोखंडी जोड, रेल्वे फाटकाचे रूळ, ओलं शेण, या सगळ्यावरून सरळ जा, तिरपं नाही. सिमेंट रोडवरून खाली उतरायची कड बऱ्याच ठिकाणी चांगली चार-सहा इंच असते, पाण्यानं भरली की दिसत नाही, त्या कडेला घासून चाक वर चढवायला गेलं की माणूस आडवा.

अन् मागे बसलेल्यानं छत्री उघडायची नाही म्हणजे नाही. हवेचा एक झोत आला की छत्री पण जाते अन् बॅलन्स पण. लेकरू मधात, मागे बाई, अन् तिघांवर मिळून एक मेणकापड ओढलेलं, त्यात चालवणाऱ्याला आजूबाजूचं काही दिसत नाही, असं दर पावसाळ्यात दिसते. रेनकोट घ्या, सरकता पदर-ओढणी चाकापासून वर बांधा.

विजा कडकडून राहिल्या तं झाडाखाली थांबू नका, ते आपल्याकडे सगळेच करतात. एकट्या बाभळीखाली थांबण्यापेक्षा भिजत जवळच्या पक्क्या घरात, शाळेत, पंपावर जा. कारमध्ये काचा बंद करून बसलं तं ती सुरक्षित जागा आहे, पत्र्याच्या टपामुळं वीज बाहेरून जमिनीत जाते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं बनवलेलं दामिनी नावाचं ॲप आहे, आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली की सांगते, फोनमध्ये ठेवा.

नाला, रपटा अन् पुलावरचं पाणी

याच्यासाठीच खरं तं हे सगळं लिहायला बसलो. घसरून पडलेला माणूस बहुतेक वेळा उठते, पुरात गेलेली गाडी तशी परत येत नाही. अन् रपट्यावर, म्हणजे पुराचं पाणी वरून जाते त्या बुटक्या पुलावर, उभं राहून पाहिलं तं दर वेळी सीन तोच असते. दोन्हीकडे दहा-वीस माणसं जमलेली, कोणी व्हिडिओ काढून राहिला, कोणी लुंगी वर करून घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन आला, अन् एक तरी जण असते जो म्हणते, "काही नाही होत भाऊ, निंगते, आत्ताच एक ट्रॅक्टर गेला." त्या माणसाची गाडी त्या पाण्यात नसते एवढं ध्यानात ठेवा.

आकडे सांगतो. वाहतं पाणी 15 सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर असलं तरी उभ्या माणसाचा पाय उचलते. 30 सेंटिमीटर झालं की लहान कार तरंगायला लागते, 60 सेंटिमीटरमध्ये जवळपास कोणतीही कार, जीप वाहून जाऊ शकते. गाडी जड आहे म्हणून टिकन असं वाटते, पण आतून ती पोकळ आहे, पाणी तिला खालून उचलते, टायरवरचं वजन कमी होते अन् मंग बाजूनं थोडासा धक्का पुरते. मोठी गाडी म्हणजे सेफ असंही नाही, 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरला येणारी एसटी बस पुरात वाहून गेली, माणसं गेली. एसटी एवढी जड, ती गेली, तं आपली अल्टो काय.

दुसरं म्हणजे पाण्याखाली पूल आहे का नाही हेच माहीत नसते. पुलाच्या दोन्ही टोकाचा भराव आधी वाहते, वरून पाणी सारखंच दिसते अन् खाली रोडच नसते. कडेचे काळे-पांढरे दगड दिसून राहिले का ते पहा, ते दिसत नसले तं विषय संपला. दिसत असले तरी त्यातल्या एका दगडावर नजर ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, पाणी चढून राहिलं का उतरून राहिलं ते त्याच्यावरून कळते. पाण्याचा रंग एकदम गढूळ झाला, फेस, काडीकचरा, फांद्या वाहून यायला लागल्या म्हणजे वरून लोंढा आला, मागे सरका अन् गाडी पण मागे घ्या.

आपल्या गावात ऊन पडलेलं असते अन् नाल्याला पूर येते, याचं लोकांना नवल वाटते. पाऊस वर सातपुड्यात, मेळघाटात पडलेला असते, नाहीतं धरणाचे दरवाजे उघडलेले असतात. ऊर्ध्व वर्धा, बेंबळा, इसापूर, गोसेखुर्द यांच्या खालच्या गावांनी विसर्गाची बातमी पावसापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहावी. मोठी नदी फुगली की तिला मिळणारे लहान नाले पण मागे तुंबतात, पाऊस नसताना. घरून निघायच्या आधी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा आपल्या जिल्ह्याचा अलर्ट पहा. हवामान खात्याच्या हिशोबात 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार पाऊस धरतात अन् 204.4 च्या वर गेला की अत्यंत जोरदार. ऑरेंज नाहीतं रेड असन तं लांबून का होईना उंच पुलाच्या रोडनं जा, अन् पलीकडच्या गावच्या कोणाला तरी फोन करून पुलाचं विचारा, ही माहिती कोणत्याही ॲपपेक्षा पक्की असते.

थांबणं हाच उपाय आहे. लहान नाला बहुतेक वेळा काही तासांत ओसरते. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आलं की तालुकाच तुटायचा, तिथली माणसं वर्षानुवर्षं पाणी उतरायची वाट पाहत आली, अन् आपल्याला दोन तास जमत नाहीत.

साचलेलं, न वाहणारं पाणी असन अन् खालचा रोड माहितीचा असन, अर्ध्या चाकाच्या खाली असन, तरच टाका. एका वेळी एकच गाडी, रोडाच्या मधातून, फर्स्ट गिअर, एकसारखी रेस, मधात गिअर नाही बदलायचा अन् थांबायचं नाही. बाहेर निघाल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत दाबत चाला, ओले लायनर कोरडे होतात, नाहीतं पुढच्या फाट्यावर ब्रेक लागतच नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तं सेल मारू नका, एकदाही नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असन तं ते दबत नाही अन् पिस्टनचा रॉड वाकते, हजारांचं काम लाखावर जाते. ढकलून बाहेर काढा, मिस्त्री बोलवा. साध्या इन्शुरन्समध्ये असं खराब झालेलं इंजिन बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागते, पॉलिसी काढतानाच विचारून घ्या.

गाडी वाहायलाच लागली तं आधी बेल्ट काढा, लगेच काच खाली करा, दरवाजाच्या मागे लागू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तो उघडत नाही. काच खाली होत नसन तं बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात जड वस्तूनं मारा, समोरची काच फुटून पडत नाही. खिडकीतून निघून टपावर.

धुवारीचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या पट्ट्यात, धरणांच्या अन् तळ्यांच्या बाजूनं पहाटे असं धुकं पडते की बोनटच्या पुढचं दिसत नाही, अन् पावसाळ्यात परतवाड्याहून धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला चढताना ढगच रोडवर येतात. डावीकडची पांढरी रेघ धरून चाला, मधली नाही, मधल्या रेघेवर समोरचा पण नजर ठेवून येत असते. ट्रकच्या टेललाइटला चिकटून जाऊ नका, तो नालीत गेला तं तुम्ही पण. टेप बंद, काच खाली, फाट्यावर कान लावा. घाट उतरताना न्यूट्रल नाही, ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा, अन् अरुंद जागी चढणाऱ्याला आधी जागा द्या. काहीच दिसत नसन तं रोडवर उभी करू नका, ढाब्यावर नाहीतं पंपावर घ्या, अन् आता थांबलेली गाडी आहे तं चारही इंडिकेटर लावा. पहाटे निघायचंच असं काही नसते, आठ-नऊ वाजता ऊन आलं की धुवारी बहुतेक वेळा उठते, कापसाची गाडी जिनिंगवर एक तास उशिरा गेली तरी काटा तिथंच असते.

नंबर फोनमध्ये टाकून ठेवा, 112 कशालाही, 108 ॲम्ब्युलन्स, नॅशनल हायवेवर असाल तं 1033, पुराचं काही असन तं जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077. फोन लागला की आधी जवळच्या गावाचं नाव अन् किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, नुसतं "मोठ्या बाभळीपाशी या" म्हटलं तं येणारा कोणत्या बाभळीपाशी येईन.